फळ्यावरची चूक कुणी सांगायची?

कुठल्याही माध्यमिक शाळेच्या स्टाफरूममध्ये थोडा वेळ बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. "हल्लीच्या पोरांना काही बोलायची सोय राहिलेली नाही." त्याच शाळेच्या मैदानावर, मधल्या सुट्टीत, नववी-दहावीच्या घोळक्यात जाऊन उभं राहिलं तर तिथेही हेच ऐकू येतं, फक्त पोरांच्या जागी सर आणि मॅडम असतात. दोन्ही बाजू खरं बोलतात असं मला वाटतं, आणि म्हणून एकीची बाजू घेऊन दुसरीला दटावण्यात मला रस नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की वर्गात शिकवलेलं कळलं नाही, चुकलं, अन्यायाचं वाटलं, तर ते शिक्षकाला तोंडावर, नीट शब्दांत सांगण्याची रीत आपल्या हायस्कुलांत कधी बसलीच नाही. ती आता बसवायला हवी. तिने शिक्षकाचा अधिकार कमी होणार नाही. आज तो ज्या कारणांनी खचतो आहे, त्यातली बरीच कारणं या मौनातूनच आलेली आहेत.

दर 1 ऑगस्टला, लोकमान्यांच्या पुण्यतिथीला, शाळाशाळांतून भाषणं होतात. शेंगांच्या टरफलांची गोष्ट त्यात नसेल तर भाषण पुरं होत नाही. छोट्या बाळने शिक्षकांना ठणकावून सांगितलं की मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. टाळ्या पडतात. दुसरी एक गोष्टही सांगतात, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. शुद्धलेखनाच्या तासाला 'संत' हा शब्द त्यांनी तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिला, गुरुजींनी त्यातले दोन चूक ठरवले, आणि तिन्ही बरोबर आहेत हे त्यांनी हटून पटवून दिलं. या गोष्टी जशाच्या तशा घडल्या की सांगता सांगता वाढल्या, हा प्रश्न इथे महत्त्वाचा नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ आपण मुलांना शिक्षकाशी मतभेद करणारा विद्यार्थी आदर्श म्हणून दाखवतो आहोत. ते भाषण बहुतेक वेळा शिक्षकच लिहून देतात, पाठही करून घेतात. पण तोच मुलगा पुढच्या तासाला "सर, हे उत्तर असं नाही ना?" म्हणून उभा राहिला तर काय होतं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

मला एक तास आठवतो. तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा, दहावीचा वर्ग, बीजगणित. मी मागच्या बाकावर बसून पाहत होतो. फळ्यावर वर्गसमीकरण होतं. दोन एक्स वर्ग वजा सात एक्स अधिक तीन बरोबर शून्य. सूत्र वापरून सोडवायचं होतं. सरांनी किंमती लिहिल्या: ए बरोबर दोन, बी बरोबर उणे सात, सी बरोबर तीन. पुढे सूत्रात 'उणे बी'च्या जागी घाईत उणे सातच लिहिलं गेलं. बी स्वतःच उणे असताना उणे बी म्हणजे अधिक सात, ही दहावीच्या बीजगणितातली नेहमीची निसरडी जागा. वर्गमूळाखाली 49 वजा 24, म्हणजे 25, म्हणजे पाच, हे सगळं बरोबर आलं. शेवटी उत्तरं निघाली उणे एक छेद दोन आणि उणे तीन. पुस्तकातल्या उत्तरसूचीत होतं एक छेद दोन आणि तीन.

माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीने सूत्रात किंमती भरतानाच मान वर केली होती. तिने फळ्याकडे पाहिलं, शेजारणीच्या वहीकडे पाहिलं, आणि आपल्या वहीत गुपचूप अधिक सात केलं. शेजारणीनेही केलं. आणखी दोन बाकांवर तेच झालं. सरांना उत्तरसूची जुळेना तेव्हा ते म्हणाले, "चिन्हाचं काहीतरी आहे, छपाईत चुकलं असेल, घरी बघून घ्या," आणि पुढच्या उदाहरणाकडे वळले. तास संपला तेव्हा काही वह्यांत उत्तर बरोबर होतं, उरलेल्या सगळ्या वर्गाच्या वह्यांत चूक होतं, आणि फळाही चुकीचाच राहिला होता. बाहेर आल्यावर मी त्या मुलीला विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "ते आमचे वर्गशिक्षक आहेत ना."

हे उत्तर भित्रेपणाचं नाही. ते अगदी व्यवहारी आहे. वर्गशिक्षकाच्या हातात काय काय असतं, याचा तिला पुरता हिशोब आहे. दहावीला गणिताची लेखी परीक्षा 80 गुणांची, दोन भाग मिळून, आणि उरलेले 20 गुण अंतर्गत, म्हणजे शाळेच्या हातात. भाषांना तोंडी आणि स्वाध्याय यांचे 20, विज्ञानाला प्रात्यक्षिकाचे 20. या विसांचं वजन किती असतं ते 2019 साली महाराष्ट्राने पाहिलं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, आणि दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. पालक हवालदिल झाले, अकरावीच्या प्रवेशात दुसऱ्या मंडळांची मुलं पुढे जातील अशी ओरड झाली, आणि पुढच्या वर्षापासून ते गुण परत आले. व्यवहारात हे गुण सढळ हातानेच दिले जातात, हे मुलांनाही माहीत असतं. पण सढळ हाताने दिलेली गोष्ट हात आखडून घेण्याचीही मुभा देणाऱ्याकडेच असते. एखादा शिक्षक प्रत्यक्षात असं कधीच करणार नाही. तरी पंधरा वर्षांच्या मुलाने तो धोका का पत्करावा?

त्यात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. तिथे बहुतेकांच्या नावापुढे 'चांगली' हा एकच शब्द लिहिला जातो. ज्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं अशा रकान्याचा उपयोग एकच उरतो, दटावताना त्याची आठवण करून देणं. "दाखल्यावर शेरा मारीन" हे वाक्य ऐकल्याशिवाय फार थोडी मुलं दहावी पार करतात. हा रकाना सरळ काढून टाकावा, असं माझं मत आहे.

आता, बोलता आलं नाही म्हणून टीका नाहीशी होते असं नाही. ती दुसरीकडे जाते. सर्वांत आधी ती क्लासला जाते. शाळेत कळलं नाही हे शाळेत सांगण्यापेक्षा आईवडिलांनी पैसे भरून संध्याकाळी तेच पुन्हा शिकवून घेणं आपल्याला सोपं वाटतं. शाळेतल्या शिक्षकावरची याहून जहाल टीका दुसरी नसेल. पण ती शिक्षकाला कधी ऐकू येत नाही, त्यामुळे तिचा त्याला उपयोगही होत नाही. मग ती टोपणनावांत जाते, नकलांत जाते, आणि हल्ली मोबाईलमध्ये जाते. दप्तरात लपवलेल्या फोनवर बाईंचा अडखळतानाचा अर्धा मिनिट टिपायचा आणि ग्रुपवर फिरवायचा. हे क्रूर आहे, आणि त्याचं समर्थन करायला मी इथे बसलेलो नाही. पण ज्या वर्गात "बाई, पुन्हा सांगता का, हे नाही कळलं" असं म्हणायला जागा असते, तिथे अशी चित्रफीत फिरवणाऱ्याला वर्गातलीच मुलं अडवतात. जिथे कुणालाच काही बोलता येत नाही, तिथे तो वीर ठरतो.

शेवटी ती पालकांकडे जाते आणि तिथून थेट संस्थाचालकांकडे. इथे तिचं रूपच बदलतं. मुलाला म्हणायचं असतं की सर फार भरभर शिकवतात. संस्थाचालकांच्या केबिनपर्यंत पोचेपर्यंत त्याचं "त्या सरांना येत नाही, बदला" झालेलं असतं. पहिल्या म्हणण्यात शिकवणं सुधारण्याची शक्यता होती. दुसऱ्यात फक्त शिक्षा उरते. शिक्षक या गोष्टीला घाबरतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

शिक्षकाची स्थिती काय आहे तेही पाहिलं पाहिजे, कारण मुलांची बाजू घेणारे बरेच लोक ते पाहत नाहीत. आपल्याकडे 2000 सालापासून शिक्षणसेवक ही पद्धत आहे. पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला 2022 अखेरपर्यंत महिना 8,000 रुपये मिळत होते, जानेवारी 2023 पासून ते 18,000 झाले. विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांतले कितीतरी जण वर्षानुवर्षं पुढच्या टप्प्याची वाट पाहत शिकवतात. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली आहे, अन्यायाने काढलं तर शाळा न्यायाधिकरणात जाता येतं. पण तिथे जाण्याची वेळ येऊच नये म्हणून माणूस आधीच गप्प बसतो. मुख्याध्यापक त्याचा गोपनीय अहवाल लिहितात. मतदार याद्यांपासून सर्वेक्षणांपर्यंत वर्गाबाहेरची कामं अंगावर येतात, माहिती आज दुपारपर्यंत ऑनलाइन भरा असा निरोप सकाळी येतो, आणि साठ-सत्तर मुलांचा वर्ग तसाच वाट पाहत असतो. या शिक्षकाला वर कुणालाही "हे चुकीचं आहे" असं म्हणण्याची सोय नाही. शिक्षणाधिकाऱ्यांच्या बैठकीत तो जसा मान खाली घालून बसतो, तसंच मुलांनी आपल्यासमोर बसावं अशी अपेक्षा नकळत तयार होते. आपल्या शाळांत वरून खालपर्यंत सगळेच एकमेकांना ऐकवत असतात, आणि खालून वर काहीच जात नाही.

कायद्याने इथे थोडी मदत केली, पण अर्ध्यावर आणून सोडलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली. त्याची चर्चा खूप झाली, "हातातली छडी काढून घेतली" अशी खंतही पुष्कळांनी बोलून दाखवली. त्याच कायद्याच्या कलम 29 कडे मात्र फारसं कुणी वळलं नाही. मूल भीतीपासून मुक्त व्हावं आणि त्याला आपली मतं मोकळेपणाने मांडता यावीत, अशी अपेक्षा अभ्यासक्रमाबद्दलच्या त्या कलमात सरळ लिहिलेली आहे. पण हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, पहिली ते आठवीपर्यंतचा. म्हणजे ज्या वयात मूल खरोखर युक्तिवाद करू लागतं, स्वतःचं मत तपासून पाहू लागतं, त्या नववीच्या उंबरठ्यावर तो संपतो. आणि नेमकं त्याच वर्षी शाळेचं वातावरण "आता दहावी आली, बडबड बंद" असं होतं.

छडी गेली हे चांगलंच झालं. पण छडीच्या जागी दुसरं काय यायला हवं होतं, याचा विचार झाला नाही. भीतीवर चालणारा वर्ग भीती गेल्यावर आपोआप आदरावर चालू लागत नाही. शिक्षकाच्या अधिकाराचा खरा पाया हा की त्याला विषय येतो, तो समोरच्याला यावा अशी त्याची तळमळ असते, आणि चूक निघाली तर ती तो सर्वांदेखत दुरुस्त करतो. यातलं शेवटचं अंग मुलांना दिसतं तेव्हा पहिल्या दोहोंवरही त्यांचा विश्वास बसतो. त्या बीजगणिताच्या तासाला कुणी हात वर केला असता आणि सर म्हणाले असते, "बरोबर, बी उणे आहे, म्हणून इथे अधिक. आता सगळ्यांनी लक्षात ठेवा, परीक्षेत इथेच घसरतात," तर त्या वर्गातला एकही जण ती जागा जन्मात चुकला नसता, आणि सरांबद्दलचा आदर तसूभरही घटला नसता.

याच मातीत याचं उदाहरण आहे. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या किशोरवयीन मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. ज्या धर्माने आपल्याला पशूहून हीन लेखलं त्या धर्मालाच ती त्यात जाब विचारते. तिचा रोख शिक्षकांवर नव्हता, हे खरं. पण मोठ्यांच्या जगाला प्रश्न विचारण्याची धमक तिला वर्गात मिळाली, आणि तिच्या शिक्षकांना तिच्या तिखट शब्दांची धास्ती वाटली नाही. विद्यार्थिनीच्या अशा लेखणीने शिक्षकाची उंची वाढतेच.

यावर एक आक्षेप मला फार गंभीर वाटतो, आणि तो अनुभवी शिक्षिकांकडून ऐकायला मिळतो. मुलांची टीका सगळ्यांवर सारखी होत नाही. धिप्पाड, दणदणीत आवाजाच्या सरांविषयी मुलं बोलत नाहीत. नव्याने लागलेल्या बाईंचा आवाज, साडी, उच्चार यांविषयी बोलतात. वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाचं बोलणाऱ्या शिक्षकाची पुण्या-मुंबईच्या वर्गात चेष्टा होते. आरक्षणातून आलेल्या शिक्षकाला "येत नाही" हा शिक्का किती सहज मारला जातो, तेही आपण जाणतो. टीकेला मोकळीक दिली तर समाजातले सगळे पूर्वग्रह तिच्यातून वर्गात शिरतील, ही भीती रास्त आहे. म्हणूनच निनावी चिठ्ठ्यांची पेटी हा शिकवण्याबद्दल बोलण्याचा मार्ग असू नये. नाव लपवून लिहिणाऱ्याला काहीही लिहिता येतं. समोर उभं राहून सांगायचं म्हटलं की "बाईंचा आवाज कसातरी आहे" असं तोंडातून निघत नाही, "मागच्या बाकावर ऐकू येत नाही" असं निघतं. आणि त्यावर काही उपाय करता येतो.

इथे एक भेद पक्का ठेवायला हवा. लैंगिक छळ, मारहाण, जातीवरून अपमान यांची गोष्ट वेगळी. तिथे निनावी तक्रार पेटी हवीच, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची सखी सावित्री समिती कागदावर न राहता चालती हवी, आणि लैंगिक छळ असेल तर बालकांच्या संरक्षणासाठी असलेल्या पोक्सो कायद्याखाली पोलिसांत जाणं हे कर्तव्य आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची घटना घडली, आणि शासनाला पेट्या आणि समित्यांचे आदेश नव्याने काढावे लागले. आधीचे आदेश किती पाळले गेले होते ते त्यावरूनच कळतं. अशा बाबतीत मुलाकडून समोर उभं राहण्याची अपेक्षा करणं क्रूरपणाचं आहे. पण या तक्रारींसाठी जी व्यवस्था लागते, तीच शिकवण्याबद्दलच्या बोलण्याला लावली तर प्रत्येक वाक्य आरोप होतं आणि प्रत्येक शिक्षक आरोपी.

मग करायचं काय? महिन्यातून एक तास, शनिवारचा शेवटचा चालेल, ज्या त्या विषयाच्या शिक्षकाने स्वतः होऊन यासाठी द्यावा. मुलांनी आधी गटात बसून ठरवावं की या महिन्यात काय कळलं, काय कळलं नाही, आणि शिकवताना कोणती एक गोष्ट बदलली तर मदत होईल. गटातर्फे एकाने उभं राहून सांगावं, म्हणजे सांगणाऱ्याचं मत ते गटाचं मत होतं आणि विसांपैकी दोन गुण कुणाच्या नावावर कापले जाण्याची धास्ती राहत नाही. शिक्षकाने तिथल्या तिथे बचाव करू नये, ऐकून घ्यावं, आणि सोमवारी उत्तर द्यावं. "हे जमेल, हे जमणार नाही, कारण पोर्शन जानेवारीत संपवायचा आहे" असं उत्तरही चालेल. कारण सांगितलेला नकार मुलं समजून घेतात. बोलायचं कसं हेही शिकवावं लागेल. पत्रलेखनात नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहायला आपण शिकवतो. समोरच्या माणसाला, ज्याच्याबद्दल आदर आहे अशा माणसाला, "मला हे पटलं नाही" कसं म्हणायचं, हे कुठल्याच विषयात येत नाही. महाविद्यालयांत, त्यांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनासाठी, विद्यार्थ्यांकडून अध्यापनाविषयी मत घेतलं जातं. अठराव्या वर्षी एकदम हाती पडलेला तो फॉर्म मुलं कशी भरतात ते प्राध्यापकांना विचारावं. सगळीकडे 'उत्तम'वर खूण करून ती मोकळी होतात, कारण आधी कधी कुणी विचारलेलंच नसतं. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रकात मुलाने स्वतःचं मूल्यमापन करावं, सोबत्यांनी एकमेकांचं करावं असं सुचवलं. शिकवण्याविषयी मुलांनी काही सांगावं, ही जागा मात्र त्या पत्रकात रिकामीच राहिली.

एक अट मी कधीच सोडणार नाही. त्या तासाला जे बोललं जाईल ते वर्गाबाहेर जाऊ नये. त्याचा कागद मुख्याध्यापकांच्या फाइलीत नको, संस्थेच्या सभेत नको, गोपनीय अहवालात तर मुळीच नको. ज्या दिवशी तो कागद वेतनवाढीशी किंवा बदलीशी जोडला जाईल, त्या दिवशी शिक्षक मुलांना सोपे प्रश्न आणि भरघोस गुण देऊ लागतील आणि मुलं ते घेऊन गोड बोलतील. तोंडी परीक्षेचे गुण मात्र एकट्या विषयशिक्षकाकडे न ठेवता शाळेतल्याच दोघांनी मिळून द्यावेत, ही सुधारणा मंडळाने एका परिपत्रकाने करावी. त्याला जादा पैसे लागत नाहीत.

आणि मुख्याध्यापकांनी हे शिक्षकांवर आदेश म्हणून लादू नये. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा पहिल्याच स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी शिक्षकांना विचारावं की गेल्या वर्षी माझं काय चुकलं, वेळापत्रक कुठे अन्यायाचं झालं, कुणाच्या वाट्याला सगळे शेवटचे तास आले. पहिल्या वेळी सगळे गप्प बसतील. दुसऱ्या बैठकीत निवृत्तीला आलेले एखादे सर बोलतील, कारण त्यांना गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं. त्यांना मिळालेलं उत्तर बाकीचे नीट ऐकतील, आणि त्यानंतर एखादी शिक्षणसेवक बाई शनिवारी आपल्या नववीच्या वर्गात हा तास घ्यायचं मनावर घेईल.